भांडण घरचं, फौज भाड्याची



मराठी राज्य का बुडालं, असं आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं : दुही. आपण आपसात भांडलो आणि इंग्रजांनी डाव साधला. उत्तर खोटं नाही, पण त्याने काही उलगडत नाही. भांडणं तर सगळीकडेच होती. मग एका घरच्या भांडणातून राज्य जातं आणि दुसऱ्या घरच्या भांडणातून जात नाही, हे कसं? आज आपल्याला हे बघायचं आहे, आणि त्यासाठी भांडणापेक्षा करारमदार जास्त वाचायचे आहेत.

सुरुवात इंग्रजांच्याच भांडणापासून करू. १६८३ च्या डिसेंबरात मुंबईत कंपनीविरुद्ध बंड झालं, आणि ते करणारे इंग्रजच होते. रिचर्ड केग्विन हा मुंबईच्या शिबंदीचा कप्तान. कंपनीने खर्चात काटछाट केली, शिबंदी बिथरली, केग्विनने कंपनीच्या डेप्युटी गव्हर्नरला कैद केलं आणि इंग्लंडच्या राजाच्या नावाने मुंबईचा कारभार सुरू केला. जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीच्या हातात नव्हती. या केग्विनने संभाजीराजांशी तहसुद्धा केला. १६८४ च्या नोव्हेंबरात राजाचा हुकूम घेऊन जहाज आलं, माफीचं आश्वासन मिळालं आणि केग्विनने मुंबई परत केली. त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी तर खुद्द इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांची यादवी पेटली होती, आणि १६४९ साली त्यांनी आपल्या राजाचं डोकं उडवलं होतं. तेव्हा भाऊबंदकी हा फक्त आपला रोग, असं मानायचं कारण नाही.

आता आपल्याकडे या. १७०७ साली शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंशी सरळ लढाई झाली. ही यादवी चांगली चोवीस वर्षं चालली, तिच्यात मोगलांनी आणि निजामाने हात धुऊन घेतले, आणि तरीही १७३१ च्या वारणेच्या तहाने ती मिटली. वारणा नदी हद्द ठरली, साताऱ्याची गादी वेगळी, कोल्हापूरची वेगळी. तोडगा घरातच निघाला.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण त्यातला माणूस पुढेही आपल्याला भेटणार आहे. १७६२ साली राघोबादादा पुतण्याशी, म्हणजे थोरल्या माधवरावांशी भांडले आणि निजामाची मदत घेऊन आले. मदतीच्या बदल्यात, उदगीरला मिळवलेला बराचसा मुलूख निजामाला परत द्यायचं कबूल झालं. माधवरावांनी पडतं घेतलं, काकांच्या स्वाधीन झाले. आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनला काका-पुतणे दोघांनी मिळून त्याच निजामाला झोडपलं. दिलेल्या मुलुखाचं आश्वासन तिथेच गोदावरीत बुडालं. परकी मदत घेतली, किंमत कबूल केली, आणि वर्षाच्या आत ती फिरवली. दादासाहेबांनी त्यातून काय धडा घेतला असेल? हाच, की बाहेरची मदत उसनी आणता येते आणि काम झालं की परतवता येते. बारा वर्षांनी ते मुंबईकर इंग्रजांकडे गेले ते याच हिशेबाने, असं आम्हाला वाटतं. फक्त या वेळचा सावकार वेगळा होता.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ती हकीकत मी इथे सांगत बसत नाही, ‘ध चा मा’ आपल्याला पाठ आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा : गारदी वाड्यात घुसले ते थकलेला पगार मागत घुसले. कट पुढे कुठवर गेला हा भाग वेगळा, पण पगार थकलेला होता हे निमित्त सगळ्यांना पटण्यासारखं होतं. पगार हा शब्द आज पुन्हापुन्हा येणार आहे.

राघोबा पेशवे झाले, बारभाई विरोधात उभे राहिले, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला आणि राघोबांच्या दाव्याखालची जमीनच सरकली. फौज पांगत चालली, पैसा संपत आला, आणि ते गुजरातेत सुरतेकडे सरकले.

आता मुंबईकरांच्या बाजूने बघा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, साष्टी त्याच्या आधीच मराठ्यांकडे आली होती. म्हणजे मुंबई बेट तीन बाजूंनी पाण्याने आणि चौथ्या बाजूने मराठ्यांनी वेढलेलं. धान्य, सरपण बाहेरून येणार. मुंबईचा वसूल मुंबईच्या खर्चाला पुरायचा नाही, तूट बंगालमधून भरून यायची. म्हणून मुंबईकरांना साष्टी हवी होती, आणि ती मिळते का हे चाचपायला त्यांनी मॉस्टिन नावाचा वकील पुण्यात बसवलेला होता. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येताहेत असं कळल्यावर तर त्यांना धीर धरवेना. १७७४ च्या डिसेंबर अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. तारीख नीट बघा. राघोबांशी करार व्हायचा होता अजून. आधी माल उचलला आणि मग त्यावर सही घेतली.

ही सही म्हणजे मार्च १७७५ चा सुरतेचा तह. त्यातली कलमं अशी : कंपनी अडीच हजारांपर्यंत फौज देणार. त्या फौजेचा खर्च म्हणून राघोबांनी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे. हमी म्हणून सहा लाखांचं जडजवाहीर गहाण ठेवायचं. शिवाय साष्टी आणि वसई कायमची द्यायची, आणि सुरत-भडोचच्या वसुलातला काही हिस्साही.

जरा हिशेब करू. महिना दीड लाख म्हणजे वर्षाला अठरा लाख. ज्याच्याकडे राज्य नाही, तो माणूस राज्य मिळवण्यासाठी वर्षाला अठरा लाखांचं कर्ज डोक्यावर घेतोय. तारण सहा लाखांचं, म्हणजे चार महिन्यांचं. पाचव्या महिन्यात काय? मोहीम लांबली तर फौजेचा खर्च वाढणार, खर्च वाढला की बाकी वाढणार, आणि बाकी फेडायला दादासाहेबांकडे एकच गोष्ट उरते, मुलूख. लढाई हरली तरी मुलूख, जिंकली तरी मुलूख. निजामाला जे देणं होतं ते एकदाचं बक्षीस होतं. हे मात्र महिन्याला वाढत जाणारं बिल होतं, आणि ते लिहिणारा कारकून मुंबईत बसून होता.

पुढचा भाग गमतीचा आहे. इंग्रजांमध्येच दुही झाली! १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई आता कलकत्त्याच्या ताब्यात होती. वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलने सुरतेचा तह बेकायदा ठरवला, कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरला बारभाईंशी वेगळाच तह केला आणि राघोबाला सोडायचं ठरवलं. मुंबईकरांनी तो धाब्यावर बसवला. दोन कौन्सिलं एकमेकांवर इतकी चिडली होती की आपल्या इकडे असं झालं असतं तर आपण त्याला नक्की दुही म्हटलं असतं. फरक एकच. त्या भांडणात कुणीही साष्टी परत देऊ केली नाही.

मग वडगाव. १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची फौज आणि सामान वाहायला एकोणीस हजार बैल असा लवाजमा राघोबांना घेऊन घाट चढला. बैलांमुळेच दिवसाला कोस-दोन कोस चाल पडायची. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपल्या बखरकारांचा ‘इष्टुर फाकडा’. तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून ठेवलं होतं, दाणा नाही, वैरण नाही. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावला कोंडी झाली, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने करार झाला : राघोबा ताब्यात द्यायचा, माधवरावांच्या मृत्यूनंतर घेतलेलं सगळं परत करायचं, साष्टीसकट.

इतकी स्वच्छ जीत मराठ्यांना इंग्रजांवर क्वचित मिळाली. आणि तरीही साष्टी परत आली नाही. का? तर मुंबईने आणि कलकत्त्याने दोघांनीही सांगितलं, सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. अधिकाऱ्यांना कंपनीने बडतर्फ केलं, करार नाकारला, नवी फौज पाठवली. आम्हाला सगळ्या प्रकरणातली कळीची जागा हीच वाटते. मराठी राजकारणात शब्द माणसाचा असायचा. माधवरावांना पकडलं की पेशवाई अडली, निजाम हरला की निजामाचा शब्द गेला. कंपनीत पकडायला माणूसच नव्हता. एक कौन्सिल हरलं की दुसरं उभं, आणि दोघांच्या वरती लंडनला डायरेक्टर. नाना फडणीस हुशार होते, त्यांनी हे ओळखलं असावं, कारण पुढे निजाम, हैदर आणि भोसले यांना एकत्र बांधून त्यांनी इंग्रजांना सगळीकडून गुंतवायचा प्रयत्न केला. भोसले कच्चे निघाले, तो भाग वेगळा.

१७८२ चा सालबाईचा तह बघितला की हिशेब पुरा होतो. इंग्रजांनी वसई परत दिली. राघोबाला मदत न करण्याचं कबूल केलं. राघोबांना महिना पंचवीस हजारांचा तनखा मिळाला, ते कोपरगावला जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. ज्याच्या नावाने युद्ध पेटलं तो माणूस सोडून दिला आणि त्याच्याकडून लिहून घेतलेली जमीन ठेवली.

आता वीस वर्षं पुढे जाऊ. महादजी १७९४ ला गेले, सवाई माधवराव १७९५ ला, नाना १८०० ला. गादीवर राघोबांचाच मुलगा, दुसरे बाजीराव. गादी मिळवण्यासाठी त्यांनी दौलतराव शिंद्यांना कोट्यवधी रुपये कबूल केले होते आणि खजिन्यात ते नव्हते. मग १७९८ साली सर्जेराव घाटग्याला पुण्याच्या सावकारांवर आणि सामान्य लोकांवर सोडलं गेलं, आणि लोकांना तापल्या तोफेला बांधून पैसे काढले गेले. म्हणजे घरच्या मदतीचंही बिल येत होतं! शिंद्यांच्या कवायती पलटणींना महिन्याला पगार लागायचा, तो कुठून तरी निघायलाच हवा होता. तेव्हा बाजीरावांना इंग्रजांची मदत स्वस्त वाटली असेल तर नवल नाही. निदान ते पुणे लुटत नव्हते.

१८०१ मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव होळकर भावाच्या सूडासाठी आणि होळकरशाहीचा हक्क मागण्यासाठी पुण्यावर आले. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असं पळत इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचले. यशवंतराव परत या म्हणून निरोप धाडत होते, पण विठोजीनंतर बाजीरावांचा त्या निरोपावर विश्वास बसणं कठीण होतं. साताऱ्याची गादी असून नसल्यासारखी, नाना नाहीत. दोघांना समोरासमोर बसवील असा एकही माणूस राज्यात उरला नव्हता. वारणेला तो होता, १८०२ ला नव्हता. ‘दुही’ या शब्दापेक्षा ही उणीव जास्त खरी आहे.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह वाचताना असं वाटतं, की सुरतेच्या मसुद्यातली प्रत्येक फट कुणीतरी बसून बुजवली आहे. गव्हर्नर जनरल वेलस्लीने हाच नमुना निजामावर आधी घासूनपुसून घेतला होता. आता महिन्याचा पगार नाहीच. बाकी राहण्याची भानगड नको म्हणून सव्वीस लाखांच्या वसुलाचा मुलूख आधीच तोडून घ्यायचा. फौज किमान सहा हजार, आणि मोहिमेपुरती नाही, कायमची, पेशव्यांच्याच मुलखात. निजामाशी किंवा गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनी करणार. म्हणजे राज्यात जो मध्यस्थ उरला नव्हता, त्याची रिकामी जागाही करारात भरून टाकली. आणि हे सगळं वसईत. ज्या किल्ल्यासाठी चिमाजीअप्पांनी हजारो माणसं खर्ची घातली, तिथेच त्यांच्या भावाच्या नातवाने सही केली.

पुढचं भराभर झालं. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले, होळकर बाजूला बसले. असई, दिल्ली, लासवारी, अडगाव. डिसेंबरात दोघांनीही तह केले. १८०४ ला होळकर लढले, तेव्हा शिंदे आणि भोसले तहाने बांधलेले. मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडवली, पण एकट्याने किती दिवस?

बाजीरावांना मात्र आपण काय विकत घेतलं हे उमगायला चौदा-पंधरा वर्षं लागली. दरम्यान त्यांनी आणखी एक कवायती तुकडी उभी केली होती, दापोडीला, इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्डच्या हाताखाली. ५ नोव्हेंबर १८१७ ला बापू गोखल्यांची फौज खडकीच्या मैदानावर उतरली तेव्हा ही तुकडी दापोडीहून निघाली आणि इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा पगार तोवर पेशव्यांच्या खजिन्यातून होत होता.