ट्रॅक्टर मागून का कुरकुरतो?



पाऊस कसा पडतो? रिमझिम. बांगड्या कशा वाजतात? किणकिण. आवाजावरून तयार झालेल्या अशा शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात. आज हेच शब्द घेऊन एका जुन्या ट्रॅक्टरची तब्येत तपासू या.

ट्रॅक्टर आपल्या शेजारचाच आहे. लेस्टरपासून सुमारे २५ मैलांवर, कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई-२० हे छोटे करडे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक तयार झाले. पुढे तिथेच मॅसी फर्ग्युसन ३५ बनला. त्याचाच भाऊबंद १०३५ हा चेन्नईच्या टॅफे कंपनीने भारतात बनवला. सुट्टीत गावी गेल्यावर उसाची ट्रॉली ओढणारा लाल मॅसी पाहिला असेल, तर ही ओळख नात्यातलीच म्हणायची! बॅनर लेनचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला, पण तिथले करडे ट्रॅक्टर हौशी मंडळींनी अजून चालते ठेवले आहेत.

असा ट्रॅक्टर मागून आवाज करू लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मागचा भाग खोलणे हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम. ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी कान द्यायचा. आवाज कसा येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे जास्त महत्त्वाचे.

आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. खडखड आवाज पुष्कळदा सैल मडगार्डचा किंवा लोंबणाऱ्या साखळ्यांचा असतो. उगाच गिअरवर आळ नको!

आता ट्रॅक्टर उभाच ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा. तरीही मागून घरघर येते? मग चाकांकडे जाणारे दाते निर्दोष, कारण ते फिरतच नाहीत. संशय हायड्रॉलिक पंपावर घ्यावा. या ट्रॅक्टरांत तो पोटातच, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या दांड्यावर फिरतो. (पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारी सोय.) क्लच दाबून पीटीओ बंद केल्यावर घरघर थांबली, तर चोर तिथेच आहे. तेल कमी असले तरी पंप असाच रडतो. म्हणून तेलाची पातळी आधी बघावी.

आवाज फक्त वळताना येतो का? वर्गातल्या पाच मुलांनी हात धरून रांग करा आणि रांग वळवा. आतला जवळजवळ जागीच फिरतो, बाहेरच्याला मात्र पळावे लागते. चाकांचेही तसेच. हा फरक सांभाळतो तो डिफरन्शियल. त्यातले छोटे स्टार पिनियन सरळ जाताना आपल्या जागी स्वस्थ असतात, वळताना कामाला लागतात. तेव्हाच कटकट आली, तर दोष बहुधा त्यांचा.

सर्वांत गमतीची परीक्षा खडूची. मागच्या टायरवर एक ठळक रेघ मारा. मोठ्यांपैकी कोणीतरी मोकळ्या जागेत ट्रॅक्टर सावकाश, सरळ चालवावा. तुम्ही लांब उभे राहून मोजायचे. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच 'खट्' झाले, तर चाकाचे नट, ब्रेकचा ड्रम किंवा क्राउन, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचा एखादा दात. एका फेऱ्यात सहा-सात वेळा 'खटखट' झाले, तर पिनियन! टीई-२० मध्ये क्राउन चाकाबरोबर एकदा फिरतो, तेवढ्यात त्याला फिरवणारा छोटा पिनियन सहा-सात फेरे घेतो. बघा, गणिताचा तास इथेही सुटत नाही. इतर ट्रॅक्टरांत हे आकडे वेगळे असू शकतात.

नुसती बारीक 'कुंई' येत असेल, तर ती ओढ असताना येते की पाय सैल सोडल्यावर, हे लिहून ठेवा. दात एका बाजूने झिजला की आवाजही एकाच वेळी येतो. मेकॅनिकला एवढे सांगितले तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

पालकांनी एक पक्के लक्षात ठेवावे: फिरत्या पीटीओजवळ मुलांना जाऊ देऊ नये. ओढणी किंवा मफलर त्यात अडकला तर माणूसही ओढला जातो.

शेवटी तेल. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. काढलेल्या तेलात चुंबक फिरवा. राखेसारखी बारीक पूड या वयात चालायचीच. पण नखाएवढा तुकडा चिकटून आला, तर आवाज थांबलेला असला तरी ट्रॅक्टर त्या दिवसापासून उभा करावा. राहिलेला तुकडा चांगल्या दातांत सापडला, तर दुखणे एका दातावरून सगळ्या पेटीत जाते.