भाडं किती पडायलं?

सप्टेंबर 2017 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँहून घरी पहिला फोन लावला, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "माय, खोलीचं भाडं किती पडायलं?" उमरीच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीमकी करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना आधी हेच सुचणार. मी म्हटलं, 370 युरो. युरोचा भाव तेव्हा शहात्तरच्या आसपास होता. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "थांब, लिहून घेतो."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आकडे सांगायचे आणि बाबा लाल वहीत उतरवायचे. ऑक्टोबर 2022 पर्यंतची माझी पाच वर्षं त्या वहीत आहेत.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्र शिकले. ज्वालामुखींवर काम करायचं होतं आणि क्लेरमाँच्या विद्यापीठात त्याचीच मोठी प्रयोगशाळा आहे. मास्टर्सची वर्षाची फी तेव्हा 256 युरो होती. एवढी कमी की आई म्हणाली, एखादं शून्य राहिलं असेल, नीट बघ. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2018 मध्ये, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ही फी 3,770 करायचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. मी आधी पोचले म्हणून वाचले. माझ्यानंतर अर्ज भरणाऱ्या एका मैत्रिणीनं तो बेत सोडला. तिला सगळी माहिती मीच दिली होती, त्यामुळं ती हळहळ अजून जात नाही.

शहर लहान. लोकसंख्या दीड लाखाच्या आत, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या नांदेडच्या चौथ्या हिश्श्याएवढी. मिशेलिनचा टायर कारखाना 1889 पासून इथलाच, आणि गावातली ट्रामसुद्धा रबरी टायरांवर धावते. पॅरिसहून वेगवान टीजीव्ही इथं येत नाही. साध्या गाडीनं साडेतीन तास लागतात आणि तिला उशीर झाला की लोक चिडतात. मला त्या फलाटावर देवगिरी एक्स्प्रेसची वाट बघणारी उमरी दिसायची.

पहिल्या दिवशी ट्राममधून उतरले आणि समोर काळंभोर कॅथेड्रल उभं. मला एकदम देगलूरकडचं होट्टलचं देऊळ आठवलं. कॅथेड्रल व्होल्विकच्या खाणीतल्या लाव्हाच्या दगडाचं. जुन्या क्लेरमाँची कितीतरी घरं त्याच दगडाची, पाऊस पडला की आणखी काळी होणारी. आमचा दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांमागचा आणि इथले शेवटचे उद्रेक जेमतेम सहा-सात हजार वर्षांपूर्वीचे. तरी हात लावला की घरचं वाटायचं.

माझी खोली मोंफेराँमध्ये होती. हे एके काळचं वेगळं गाव, 1630 मध्ये क्लेरमाँला जोडलं गेलं. घरमालकीण टायर कारखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना मी मादाम म्हणायचे. वीस चौरस मीटर, स्वतःची शेगडी, खिडकीतून प्वी द दोमचा डोंगर. पॅरिसला गेलेली माझी वर्गमैत्रीण नऊ चौरस मीटरात राहायची. त्याहून लहान खोली तिथं भाड्यानं देताच येत नाही. भाडं मात्र माझ्या जवळजवळ दुप्पट. मला घरभाड्याची सरकारी मदतही मिळायची. तीत ऑक्टोबर 2017 पासून सगळ्यांचेच पाच युरो कापले गेले. बाबांनी ते पाच युरो वेगळ्या ओळीत लिहून ठेवले आहेत.

स्वस्ताईचा खरा फायदा पुढं कळला. पॅरिसच्या मैत्रिणीच्या संध्याकाळी हॉटेलातल्या कामात जायच्या, माझ्या मोकळ्या राहायच्या. त्या संध्याकाळी मी मादामच्या स्वयंपाकघरात फ्रेंच शिकले. क्लेरमाँमध्ये इंग्रजीवर भागत नाही. पाववाल्याकडं, दवाखान्यात, ट्रामच्या पासासाठी फ्रेंचच लागते. उमरीच्या मोंढ्यात बाबा बासरकडच्या शेतकऱ्याशी तेलुगू बोलतात, हमालांशी दखनी, घरी मराठी. यातली एकही परकी भाषा ते शाळेत शिकले नाहीत. मीही तशीच शिकले, चुकत आणि न लाजता.

एकदा मादामनी विचारलं, तुमच्या गावाचं नाव कशासाठी? मी 30 जानेवारी 1948 सांगितला. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली, त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. मादाम खुर्ची ओढून जवळ बसल्या. फेब्रुवारी 1944 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या याच क्लेरमाँमध्ये क्रांतिकारकांनी फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेचे एक अब्ज फ्रँक पळवले होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना ते सांगितलं होतं. त्या रात्री आम्ही बारापर्यंत बोलत बसलो. दोन वर्षांच्या 'तुम्ही'नंतर त्यांनी मला 'तू' म्हटलं ते तेव्हाच. फ्रेंचमध्येही हा उंबरठा आहे आणि तो मोठ्यांनीच ओलांडायचा असतो.

शहरालगत लिमान्यचं मैदान पसरलंय. काळी, भेगाळणारी माती. आपल्याकडं अशा मातीत कापूस, तिथं गहू, मका आणि साखरेचं बीट. बूर्दोंचा साखर कारखाना एकोणिसाव्या शतकापासून चालू होता. 2019 च्या वसंतात तो बंद करायचं ठरलं, आणि त्या साली बिटाचा शेवटचा हंगाम झाला. मादामचे भाऊ बीट पिकवायचे. त्यांच्या ट्रॅक्टरवर बसून मी तो शेवटचा हंगाम पाहिला. आमच्या तालुक्यात वाघलवाड्याला कारखाना आहे. धुराडं थंड राहिलं की ऊसवाल्या घरात काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भाऊ बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "आता गहू." त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

17 मार्च 2020 ला दुपारी बारा वाजता सगळं बंद झालं. बाहेर पडायला स्वतःच्या सहीचा कागद लागायचा. मादामचं वय सत्तरीच्या पुढं, म्हणून बाजार मी करायचे. मला पीएच.डी.चा पगार होता, पण पदवीच्या कितीतरी मुलांची हॉटेलातली कामं गेली. जानेवारी 2021 पासून विद्यापीठाच्या भोजनालयात सगळ्या विद्यार्थ्यांना एक युरोत जेवण मिळू लागलं. वहीत त्या महिन्यात बाबांनी समासात लिहिलंय, "चांगलं केलं."

त्या बंद दिवसांत आम्ही दोघी मसूर खाऊन राहिलो. ल प्वीचा हिरवा मसूर, तोही लाव्हाच्याच मातीतला. शिजला तरी दाणा अखंड राहतो. मादाम त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालायच्या, माझं पातेलं वेगळं काढायच्या. मी आईनं पाठवलेला येसर लावून आमटी केली, तेव्हा त्यांनी पाव बुडवून पातेलं पुसलं.

ऑक्टोबर 2022 मध्ये परतले. बॅगेत दोन किलो मसूर आणि व्होल्विकचा मुठीएवढा दगड. दगड आईनं देवघराशेजारी ठेवलाय. माझ्या खोलीत आता लिमोजकडची एक मुलगी राहते. मागच्या रविवारी मादामशी बोलत होते, तर बाबा शेजारून म्हणाले, "भाडं वाढवलं का, विचार." विचारलं. मादाम म्हणाल्या, दहा युरो, आणि वडिलांना सांग, मलाही आवडलं नाही. बाबांनी वही काढली.