शिवणाचा कोपरा

आमच्या शहरांतील पुष्कळ घरांत शिवणाचें यंत्र असतें. पण तें कोठें असतें असें विचारलें तर मिळणारें उत्तर समाधानकारक नसतें. कोणी पलंगाखालीं बोट दाखवितो, कोणी माळ्याकडे. गृहिणीला दुपारीं तासभर सवड मिळाली कीं त्यांतील पाव तास यंत्र ओढून काढण्यांत आणि पाव तास तें परत ठेवण्यांत जातो. उरलेल्या अर्ध्या तासांत बाही लागत नाहीं; घाईनें लावलीच तर ती उसवावी लागते.

यंत्र घरांत यावें म्हणून मोठमोठे प्रयत्न झाले. आयझॅक सिंगर यांस १८५१ सालीं अमेरिकेंत आपल्या यंत्राचें पेटंट मिळालें, आणि त्यांच्या कंपनीनें तें हप्त्यानें विकून मध्यम स्थितीच्या घरांत पोंचविलें. गांधीजींनीं यंत्रयुगावर कठोर टीका केली. तरीहि १९२४ सालीं त्यांनीं सिंगरच्या यंत्रास अपवाद केलें. पुण्यास १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानें स्त्रियांस शिक्षणाबरोबर शिवणहि शिकविलें. यंत्र आलें, विद्या आली. जागा मात्र आली नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही एकच विचारतों. आपल्या पेढीवर अर्धी उतरलेली खतावणी उघडी असतां कोणी येऊन ती गुंडाळून माळ्यावर टाकली, तर आपण काय म्हणाल? अर्धा बेतलेला झगा हीहि अर्धी खतावणीच आहे. टांचण्या निघाल्या कीं माप चुकलें, आणि माप चुकलें कीं कापड वायां गेलें.

मागणी फार मोठी नाहीं. चार फूट लांब व दोन फूट रुंद जागा पुरे. पण ती खिडकीजवळ असावी. उजव्या हातानें काम करणारीस उजेड समोरून किंवा डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाहीं. यंत्राचें चाक उजवीकडे असतें, तिकडे हात फिरण्यापुरती मोकळीक हवी. डावीकडे कापड पसरण्यास अधिक जागा हवी. कातर व सुया यांस झांकणाचा डबा असावा, म्हणजे मुलांस भय नाहीं. एका खोलीच्या बिऱ्हाडांत भिंतीस बिजागरीची फळी ठोकावी. काम संपल्यावर ती खालीं पडते. अर्धवट काम एका पिशवींत राहावें व त्या पिशवीस दुसऱ्या कोणीं हात लावूं नये.

यावर कोणी म्हणेल, हा तर नुसता छंद. यांतून दिडकीहि मिळत नाहीं. न मिळो! यजमानांची बाजाची पेटी तरी कोठें मिळवून आणते? तिला दिवाणखान्यांत मानाची जागा असते, आणि दूरदर्शनसंचास तर सबंध भिंत मिळते. शिवणास मात्र आधीं उपयोग सिद्ध करावा लागतो. हा न्याय नव्हे. शिंपी कुळांतील नामदेवांस संत म्हणून वंदन करणाऱ्या महाराष्ट्रानें सुईस हलकें मानूं नये; मुलगे ती हातीं घेतील तर त्यांसहि हंसूं नये.

घर ज्यांच्या कष्टांवर उभें असतें त्यांस त्याच घरांत स्वतःचा म्हणून चार फुटांचा कोपरा नसावा, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. येत्या रविवारीं पुरुषांनीं स्वतः उठून पलंग सरकवावा, यंत्र पुसून खिडकीशीं आणावें व पुन्हा हलवूं नये, एवढीच आमची विनंति आहे.