जांभळ्या रंगाची डबी: घ्यायची कशी, लावायची कशी



आज विषय जरा वेगळा आहे. कर्ज, हप्ते, लसीकरण, परसबाग यांवर आपण नेहमी बोलतो. आज बोलू डोळ्यांवर लावायच्या रंगावर, म्हणजे आयशॅडोवर. त्यातही जांभळ्या रंगाच्या स्वस्त डबीवर. "हे काय आपल्या कामाचं?" असं कुणाला वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण या डबीपायी आमच्या गटाला १५६० रुपयांचा फटका बसला, म्हणून सगळं नीट सांगतो.

आम्ही तेरा जणी. बहुतेकजणी द्राक्षबागांच्या कामाला जाणाऱ्या. आमच्यातली एक वहिनी बांगड्या, टिकल्या, पिना असा माल घेऊन बाजार करते. नवरात्राच्या आधी तिने नाशिकहून आयशॅडोच्या दोन डझन डब्या आणल्या. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, साडीला शोभेल असा रंग मुली डोळ्यांनाही लावतात, तेव्हा माल हातोहात जाईल असा हिशोब. एक डबी ६५ रुपयांना पडली, १०० ला विकायची. भांडवल गटाचं.

तीन डब्या गेल्या. चौथ्या दिवशी एका मुलीची आई मुलीला घेऊनच आली. पोरीच्या दोन्ही पापण्या सुजून लाल झालेल्या. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, औषध दिलं, आठवड्यात उतरलं. पण आमचे धाबे दणाणले. आम्ही तिन्ही डब्यांचे पैसे परत केले आणि बाकीच्या एकवीस डब्या बाजूला ठेवल्या. मग ठरवलं, की ही वस्तू काय आहे ते आधी समजून घ्यायचं. तालुक्याच्या मेडिकलमधून त्याच रंगाची, कंपनीचं नाव-पत्ता असलेली दुसरी डबी २४९ रुपयांना आणली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. कंपनीचं नाव इथे सांगत नाही, आपल्याला जाहिरात करायची नाही.

आधी डबी उलटी करा

पहिला फरक रंगात नव्हताच, तो डबीच्या पाठीवर होता. बाजारच्या डबीवर अठरा रंग, झगमगीत चित्र आणि इंग्रजीत मोठं नाव. पाठीमागे मात्र काही नाही. कुणी बनवली, कुठे, कधी, काहीच नाही. मेडिकलच्या डबीवर रंग नऊच, पण पाठ बारीक अक्षरांनी भरलेली.

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात आणि २०२० पासून त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. डबीवर किंवा खोक्यावर एवढं पाहायचं: बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, वजन आणि एमआरपी. माल परदेशातून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर. बऱ्याच डब्यांवर आत काय काय घातलंय तेही छापतात. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. परवान्याचा नंबरच नसेल तर डबी तिथेच ठेवून यायची.

यामागे कारण आहे. प्रसाधनात घालायच्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त नको आणि सोमल २ भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. शिसं अंगात साठत जातं, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच वाईट. आई डोळ्याला लावते, तोच हात लेकराच्या तोंडाशी जातो. बनवणाऱ्याचा पत्ताच नसेल तर आत किती शिसं आहे याचा जाब विचारायचा कुणाला?

जांभळा रंग येतो कुठून?

जांभळा हा एके काळी राजांचा रंग होता. समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायींपासून तो काढायचे. हजारो गोगलगायी मारल्या तेव्हा कुठे थोडासा रंग हाती लागे. मग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं औषध, क्विनीन, प्रयोगशाळेत बनवायला गेला. औषध जमलं नाही, भांड्यात काळा गाळ उरला. तो धुताना त्यातून जांभळा रंग निघाला. तिथून कारखान्यात रंग बनू लागले आणि राजाचा रंग बाजारात आला.

आजच्या आयशॅडोत मुख्य असतात तीन गोष्टी. एक, भर घालायची पूड, बहुधा शंखजिरं, म्हणजे टाल्कम पावडरीतलं तेच. दोन, चमक देणारा अभ्रक. हा आपण रांगोळीतही पाहिलाय. आपल्या देशात तो झारखंडच्या कोडरमा, गिरिडीह भागात निघतो आणि तिथे तो वेचायला लहान मुलंही राबतात, हे माहीत असावं. तीन, रंग. जांभळ्यासाठी मँगनीज या धातूपासून केलेला जांभळा रंग वापरतात, नाहीतर अल्ट्रामरीन. अल्ट्रामरीन म्हणजे कपड्यांना द्यायच्या जुन्या पुडीतल्या निळीच्या जातीचा. (म्हणून घरातली नीळ डोळ्याला लावायची नाही हं! प्रसाधनासाठीचा माल वेगळा शुद्ध केलेला असतो.) लालसर छटेसाठी कधीकधी कार्माइन घालतात. ते बारीक किड्यांपासून काढतात. माळकरी बायांनी हे लक्षात ठेवावं. डबीवर 'कार्माइन' किंवा ७५४७० हा आकडा दिसला तर ते हेच.

काही भडक गुलाबी-जांभळे रंग ओठांना, गालांना चालतात, पण अमेरिकेत ते डोळ्यांजवळ वापरायला परवानगी नाही. म्हणून काही डब्यांवर 'डोळ्यांभोवती वापरू नये' अशी बारीक सूचना असते आणि वर चित्र मात्र डोळ्याचंच! ती ओळ जरूर शोधा.

आम्ही लावून पाहिलं

सुजलेल्या पापण्या पाहिल्यावर बाजारची डबी कुणी डोळ्याला लावली नाही. दोन्ही डब्यांतला रंग आधी हातावर ओढला. बाजारच्या डबीतला जांभळा डबीत गडद दिसे, हातावर मात्र राखेसारखा. नुसता पिठूळ, फुंकर मारली की उडणारा. उलट त्यातल्या गुलबक्षी रंगाचा डाग साबणाने धुऊनही दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. डाग राहिला म्हणजे विषच असं नाही, पण आत कातडीत मुरणारा रंग आहे एवढं कळलं.

मेडिकलच्या डबीतल्या नऊ रंगांना आम्ही आपली नावं दिली: जांभूळ, वांगी, अंजिरी, गुलबक्षी, कांद्याची साल, असं. कांद्याचा रंग आम्हाला ओळखायला काय, जन्म त्यातच गेला! आधी प्रत्येकीने थोडा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावला आणि दोन दिवस थांबलो. एकीला खाज आली, ती बाजूला झाली. बाकीच्यांनी मग डोळ्याला लावला. ही दोन दिवसांची परीक्षा कुठल्याही नव्या प्रसाधनाची करा, कितीही महाग असलं तरी.

आम्हाला काय कळलं, ते असं:

सावळ्या रंगावर फिका जांभळा पांढरट, राख फासल्यासारखा दिसतो, कारण फिका करायला त्यात पांढरी पूड जास्त असते. वांगी आणि अंजिरी मात्र खुलून दिसतात. आपल्यापैकी बहुतेकींनी गडदच घ्यावा.

हात आणि तोंड साबणाने धुऊन कोरडं करा. बागेत फवारणी झालेल्या दिवशी तर हात धुतल्याशिवाय डोळ्याजवळ न्यायचाच नाही. पापणीला तेल लावू नका, रंग घडीत गोळा होतो. आधी कांद्याच्या सालीचा रंग बोटाने सगळ्या पापणीवर टेकवा. घासू नका, टेकवा. मग पापणीच्या घडीत अंजिरी आणि बाहेरच्या कोपऱ्यात थोडासा वांगी. कडा बोटाने पुसट करा. थोडा थोडा घ्या, वाढवता येतो, कमी करता येत नाही. लालसर जांभळा डोळ्याखाली लावला तर मार बसल्यासारखं दिसतं. आमच्या एकीला पाहून तिची सासू घाबरली होती!

चमकीचा रंग ओल्या बोटाने जास्त खुलतो, पण बोट स्वच्छ पाण्यात बुडवा, थुंकी लावू नका. सजावटीची चमकी डोळ्याला कधीच लावू नका, तिचे कण बुबुळाला ओरखडे पाडतात.

डबी एकीची, बोट एकीचं. सगळ्याजणींनी एकच ब्रश फिरवला तर डोळे येणं, रांजणवाडी एकीकडून दुसरीकडे जाते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते ते आठवा. आम्ही दरवेळी डबीतला थोडा रंग कागदावर काढून घेतला आणि प्रत्येकीने आपली वेगळी कापूस-काडी वापरली. डोळे आलेले असताना किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावायचं नाही.

रात्री रंग काढूनच झोपा. कापसावर खोबरेल तेल घ्या, मिटलेल्या पापणीवर हलकेच फिरवा, मग तोंड धुवा. डबीचा वास बदलला किंवा तारीख उलटली की फेकून द्या.

एक काकू शेवटी बसल्या होत्या

आमच्यातल्या एका काकूंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दिवशी त्या दाराशी बसून नुसत्या बघत होत्या. वहिनी म्हणाली, "काकू, या ना." त्या म्हणाल्या, "मला कशाला गं आता?" कुणीतरी पुटपुटलंही, "लोक काय म्हणतील?"

तेव्हा आमच्यात बोलणं झालं. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या. सरकारनेही त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण तो अंगणात उतरवायचा आपणच. काकूंनी काही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वांगी रंगाची एक साडी आहे माझ्याकडे, कपाटातच पडून." मग त्या पुढे आल्या आणि डोळे मिटून बसल्या. वहिनीने रंग लावला. आरशात बघून काकू एवढंच म्हणाल्या, "बरा दिसतोय की!" त्या रात्री त्यांनी रंग न पुसताच घरी जायचं ठरवलं आणि गेल्याही.

एकवीस डब्यांचं काय झालं?

वहिनी डब्या घेऊन परत नाशिकला गेली. माल देणारा म्हणाला, "बिल दाखवा." बिल घेतलंच नव्हतं. माल परत झाला नाही. तीन डब्यांचे पैसे आम्ही परत दिलेले, म्हणजे १५६० रुपये पूर्ण बुडाले. वहिनी रडवेली झाली, म्हणाली मी एकटीच भरते. पण मालाला पैसे देताना आम्ही तेराजणींनी सही केली होती, डबीची पाठ एकीनेही बघितली नव्हती. मग नुकसानही तेराजणींचं. प्रत्येकीचे १२० रुपये. एक-दोघी कुरकुरल्या, पण भरले.

कमी दरात विकून टाकू, असंही एकीने सुचवलं होतं. ते आम्ही केलं नाही. कमी दराने पापणी कमी सुजत नाही.

आता गटाच्या वहीत पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्यात. बिल घेतल्याशिवाय माल घ्यायचा नाही. परवाना नंबर नसलेलं प्रसाधन विकायचं नाही, मग ती आयशॅडो असो, काजळ असो की कुंकू. नवा माल आधी आपल्या हातावर दोन दिवस लावून बघायचा. आणि कुणाला त्रास झाला तर पैसे परत देऊन त्या दुकानाची, मालाची तक्रार करायची. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. बिल आणि डबी जपून ठेवा, त्याशिवाय तक्रारीत जोर येत नाही.

नटायला कुणाची ना नाही, मैत्रिणींनो. उलट नटाच. फक्त डबी घेताना आधी ती उलटी करून पाहा. तुमच्या गटात असा काही अनुभव आला असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोवर डोळे सांभाळा, भेटूच!