निपाणीहून बेळगावची पोच

निपाणीच्या तंबाखू-वखारीतला संगणक बेळगावच्या मुख्य कचेरीशी बोलेनासा झाला, तर दोष त्या संगणकात, वाटेतल्या तारेत की पलीकडच्या दप्तरात, याची खातरजमा राउटरच्या कमांड लाइनवर 'पिंग' ही आज्ञा देऊन करता येते. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम, पोचपावतीसह रवाना केलेल्या टपालाप्रमाणे, संदेश धाडून उत्तरास लागलेला काळ मोजतो. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावत असल्याने, ७५-एक किलोमीटरांचे हे अंतर जाऊन-येऊन एका मिलिसेकंदाच्या आत कापले जावे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, तो तारांच्या वळशामुळे आणि मधल्या राउटरांवरील खोळंब्यामुळे. सिस्कोच्या राउटरवर सहसा पाच संदेश जातात, उत्तरास उद्गारचिन्ह आणि मौनास टिंब उमटते, ही मांडणी मला फार सुबक वाटते. मात्र पहिलेच टिंब पाहून घाबरू नये, कारण शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधण्यातच पहिला संदेश पुष्कळदा खर्ची पडतो.