आघाडीवरची ढोलकी

सोलापूर-बीड रस्त्यावर येरमाळा मागे पडले की थोड्याच वेळात तेरखेडा लागते. धाराशिव, म्हणजे आमच्या नोकरीच्या काळातल्या उस्मानाबाद जिल्ह्यातले हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध. बँकेच्या नोकरीत मी या भागात काही वर्षे काढली. पेन्शनच्या दिवशी आमच्या बाकावर माजी सैनिकांची बैठक जमे. एकाहत्तरचे युद्ध पाहिलेल्या एका हवालदारांना मी सहज विचारले, "दिवाळीला तेरखेड्याचे फटाके नेता की नाही?" ते हसून म्हणाले, "साहेब, धडामधूम तिकडं लई ऐकलं. कान ढोलकीला भुकेले असायचे!"

या एका वाक्यात मोठे शहाणपण आहे. जवानासाठी गाणे म्हटले की आपल्याला वीररसच आठवतो. पण त्याच्या वाट्याला वीररस रोजच असतो. त्याला हवे असते घर, थट्टा, गावची जत्रा.

आपल्याकडे हे जुने आहे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला, तो शौर्य सांगण्यासाठी. पण पेशवाईत लष्कराच्या छावण्यांतून रंगला तो तमाशा. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहिलेल्या शिपायाला डफ-तुणतुण्याइतकाच लावणीतला विरहही आपला वाटे. पोवाडा लढाईपूर्वीचा, तर लावणी लढाईनंतरच्या लांबलचक रात्रीची.

परदेशातही हेच घडले. दुसऱ्या महायुद्धात व्हेरा लिन ही इंग्रज गायिका रेडिओवरून विरहाची, पुनर्भेटीची गाणी गाई. अशा हळव्या गाण्यांनी शिपाई मऊ पडतील, अशी भीती काही वरिष्ठांना वाटत होती. शिपायांनी मात्र तिला डोक्यावर घेतले. १९४४ मध्ये ती थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊन गायली. घराची आठवण माणसाला दुबळे करत नाही. आपण कशासाठी उभे आहोत, हे ती सांगत असते.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आपल्याकडेही कलावंत पुढे आले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले होते. सुनील दत्त आणि नर्गिस यांनी 'अजंता आर्ट्‌स'चे पथक घेऊन सीमेवरच्या ठाण्यांवर कार्यक्रम केले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीप यांचे गीत गायले. त्याला चाल लावली होती आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी. पण वाचकहो, ते गाणे मुख्यतः घरी राहिलेल्यांसाठी होते. गेलेल्यांची आठवण ठेवा, असे ते आपल्याला बजावत होते. जो अजून खंदकात बसला आहे, त्याला वेगळे काही हवे असते.

ते वेगळे काही देणाऱ्यांत आपल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर होत्या. चीन युद्धाच्या काळात सीमेवर जाऊन त्यांनी जवानांपुढे तमाशा केला. बर्फाच्या मुलखात ढोलकीवर थाप पडली, घुंगरू वाजले, गण-गवळण झाली, तेव्हा तिथल्या एखाद्या मराठी पोराला काय वाटले असेल? घटकाभर तो गावच्या जत्रेत जाऊन आला असेल. हा प्रवास कुठल्याही रजेच्या अर्जावर मिळत नाही.

गाण्याने युद्ध जिंकता येत नाही, हेही खरे. १९६२ मध्ये आपले कितीतरी जवान पुरेसे गरम कपडे आणि धड बूट नसताना हिमालयात लढले. ती उणीव कोणतीही ढोलकी भरून काढू शकत नाही. मनोधैर्य आधी पोटातून आणि पायातल्या बुटांतून येते. पण बूट असूनही जे कमी पडते, ते कलावंत देतो. "आम्ही तुला विसरलो नाही" हे सरकारी पत्राने सांगता येत नाही. त्यासाठी कुणीतरी दूरवरून चालत यावे लागते.

मला टोचते ते पुढचेच. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरीही त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. चांगलेच आहे, पण जिवंतपणी आपण त्या फडाकडे कसे पाहिले? सीमेवर जी कला देशसेवा ठरली, तीच गावात आल्यावर बायकामुलांना घेऊन बघायची नाही, असा घरोघरचा दंडक होता.

जन्मभर मी जमाखर्च सांभाळला. त्या हिशेबाने पाहता ही बाजू आपल्याकडे येणे आहे. सैनिकाची पेन्शन महिन्याच्या महिन्याला पासबुकावर चढते आणि ती चढलीच पाहिजे. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधनही आहे. पण आदर कुठल्या खात्यातून वळता करायचा? तो आपल्यालाच रोख द्यावा लागतो. येत्या हंगामात गावच्या जत्रेला फड आला, तर तिकीट काढा, घरच्यांना सोबत घ्या आणि शेवटची भैरवी होईपर्यंत जागचे उठू नका.