विश्लेषण : बताआन... जिथे पराभवाचा दिवस 'शौर्य दिन' ठरला! किनारे आणि युद्धस्मृतींचा हा प्रांत कसा पाहावा?

फिलिपिन्स म्हटले की बोराकाय, पलावान, सेबू ही नावे पुढे येतात. मात्र राजधानी मनिलापासून रस्त्याने साधारण तीन तासांवर असलेला बताआन हा प्रांत भारतीय पर्यटकांच्या यादीत क्वचितच असतो. पश्चिमेला समुद्रकिनारे, मध्ये ज्वालामुखीचे डोंगर आणि पूर्वेच्या महामार्गाकडेला दर किलोमीटरला उभे असलेले पांढरे दगड. हे दगड अंतर दाखवतात, पण प्रवाशांसाठी नाही. १९४२च्या एप्रिलमध्ये हजारो युद्धकैद्यांना ज्या वाटेने चालवत नेले, त्या वाटेच्या या खुणा आहेत. भारतीयांना २०२५पासून फिलिपिन्समध्ये व्हिसामुक्त प्रवेश मिळू लागल्याने हा प्रांत आवाक्यात आला आहे. तिथे नेमके काय घडले आणि आज काय पाहता येते, याविषयी...

बताआनचे महत्त्व काय?

बताआन हे लुझॉन बेटाच्या पश्चिमेकडील द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्वेला मनिलाचा उपसागर, तर पश्चिमेला दक्षिण चीन समुद्र (फिलिपिन्समध्ये याला पश्चिम फिलिपिन्स समुद्र म्हणतात). दक्षिण टोकासमोर, उपसागराच्या तोंडावरच कोरेहिदोर हे छोटे बेट आहे. बताआन आणि कोरेहिदोर ज्याच्या हाती, त्याच्या परवानगीशिवाय मनिलाच्या बंदरात जहाज शिरू शकत नाही. त्यामुळे मनिला सोडावी लागली तरी बताआनमध्ये मागे हटून उपसागर रोखून धरायचा आणि अमेरिकेहून आरमार येईपर्यंत तग धरायचा, अशी अमेरिकी लष्कराची जुनी योजना होती. त्या वेळी फिलिपिन्स अमेरिकेच्या अमलाखाली होता.

१९४२ मध्ये काय घडले?

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही तासांतच, ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानने फिलिपिन्सवर बॉम्बफेक केली. २२ डिसेंबरला जपानी फौजा लिंगायेनच्या आखातात उतरल्या. जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी मनिला 'खुले शहर' जाहीर केले आणि सैन्य बताआनकडे वळवले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ८० हजार सैनिक आणि जवळपास २६ हजार नागरिक या चिंचोळ्या द्वीपकल्पात अडकले. सैनिकांत बहुसंख्य फिलिपिनो होते. अनेकांना पुरते प्रशिक्षणही मिळालेले नव्हते.

योजना होती ४३ हजार माणसांना सहा महिने पुरेल इतक्या धान्याची. माणसे दुपटीहून अधिक आणि घाईच्या माघारीत बराचसा साठा मागेच राहिलेला. त्यामुळे जानेवारीतच शिधा निम्म्यावर आला, पुढे आणखी घटला. घोडदळाचे घोडे आणि ओझ्याची खेचरे कापून खाण्याची वेळ आली. हिवताप आणि आमांशाने छावण्या भरल्या, क्विनाइन संपत आले.

आज पर्यटक ज्या पश्चिम किनाऱ्यावर जातात, तोही या लढाईतून सुटला नाही. जानेवारीच्या अखेरीस जपान्यांनी होड्यांतून नैर्ऋत्य किनाऱ्यावरील लहान लहान भूशिरांवर सैन्य उतरवले. त्यांना रोखायला विमाने गमावलेले हवाई दलाचे कर्मचारी, खलाशी आणि फिलिपिनो पोलीस बंदुका घेऊन उभे राहिले. कड्यांखालच्या गुहांत शिरलेले जपानी सैनिक शेवटपर्यंत लढले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हा हल्ला मोडून काढण्यात आला. लष्करी इतिहासात ही 'भूशिरांची लढाई' म्हणून ओळखली जाते.

शरणागती का पत्करली?

मदत येणार नव्हती, हे एव्हाना वॉशिंग्टनमध्ये स्पष्ट झाले होते. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या आदेशानुसार मॅकआर्थर ११ मार्चच्या रात्री कोरेहिदोरहून वेगवान नौकेने निघाले आणि पुढे ऑस्ट्रेलियाला पोहोचले. ३ एप्रिलला जपानी फौजांनी अखेरचा मोठा हल्ला चढवला. काही दिवसांतच सामात डोंगर पडला. उपाशी आणि आजारी सैन्याला पुढची फळी सावरता आली नाही.

शरण जायचे नाही, असे वरून आदेश होते. तरीही बताआनमधील फौजांचे प्रमुख मेजर जनरल एडवर्ड किंग यांनी ९ एप्रिल १९४२ रोजी स्वतःच्या जबाबदारीवर शरणागती पत्करली. आपल्यावर लष्करी खटला चालेल, असे ते धरून चालले होते. कैद्यांना नीट वागवले जाईल का, या त्यांच्या प्रश्नावर, आम्ही रानटी नाही, अशा अर्थाचे उत्तर जपानी अधिकाऱ्याकडून मिळाले. सुमारे ७५ हजार सैनिक जपानच्या हाती लागले. अमेरिकी नेतृत्वाखालील सैन्याची ही आजवरची सर्वांत मोठी शरणागती मानली जाते.

'डेथ मार्च' म्हणजे काय?

जपान्यांना एवढे कैदी अपेक्षित नव्हते. त्यांच्यासाठी वाहने, अन्न, पाणी, औषधे यांची सोय नव्हती. दक्षिणेकडील मारिव्हेलेस आणि पश्चिमेकडील बागाक येथून कैद्यांना एप्रिलच्या कडक उन्हात पायी हाकलण्यात आले. मारिव्हेलेसपासून पाम्पांगा प्रांतातील सान फर्नांदोपर्यंतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर. तिथे त्यांना मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून तार्लाक प्रांतातील कापास येथे नेले आणि तिथून पुन्हा पायी ओडॉनेल छावणीत.

मागे पडणाऱ्यांना संगिनीने भोसकले जाई किंवा गोळी घातली जाई. पांतिंगान नदीजवळ तर साडेतीनशेहून अधिक फिलिपिनो अधिकारी आणि हवालदारांना हात बांधून ठार मारण्यात आले. वाटेत नेमके किती मेले, याचा हिशेब कधीच लागला नाही. फिलिपिनो मृतांचे अंदाज पाच हजारांपासून १८ हजारांपर्यंत, तर अमेरिकींचे ५०० ते ६५० असे आहेत. ओडॉनेल छावणीत पुढील काही महिन्यांत याहूनही जास्त, सुमारे २५ हजार फिलिपिनो आणि दीड हजार अमेरिकी दगावले.

याच वाटेवरची दुसरी आठवण गावकऱ्यांची आहे. पहारेकऱ्यांची नजर चुकवून त्यांनी पानांत बांधलेला भात कैद्यांकडे फेकला, पाणी ठेवले, संधी मिळेल तेव्हा त्यांना साधे कपडे देऊन गर्दीत मिसळवून घेतले. हे करताना पकडले गेलेल्यांना जीव गमवावा लागला. युद्धानंतर जपानी सेनापती मासाहारू होम्मा यांच्यावर मनिलात खटला चालला. ३ एप्रिल १९४६ रोजी, म्हणजे बताआनवरील अखेरच्या हल्ल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला.

पराभवाचा दिवस 'शौर्य दिन' कसा?

१९६१च्या कायद्याने ९ एप्रिल हा 'बताआन दिन' ठरला. आज तो 'आराव नांग कागितिंगान', म्हणजे शौर्य दिन, या नावाने राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. सिंगापूर फेब्रुवारीत पडले, जावा मार्चमध्ये. पन्नास दिवसांत फिलिपिन्स जिंकण्याची जपानी योजना मात्र बताआनमध्ये अडकली आणि कोरेहिदोर पडायला ६ मे उजाडला. मदतीविना, अर्धपोटी लढलेल्यांचा हा दिवस आहे, अशी फिलिपिन्सची भूमिका आहे.

या दिवसाला न्यायाच्या प्रश्नाचीही किनार आहे. अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे निवृत्त सैनिक म्हणून मिळणारे लाभ अमेरिकी काँग्रेसने फेब्रुवारी १९४६च्या कायद्याने नाकारले. २००९ मध्ये हयात असलेल्यांना एकरकमी भरपाई मिळाली. अमेरिकी नागरिक असलेल्यांना १५ हजार डॉलर, इतरांना नऊ हजार. २०१७ मध्ये काँग्रेसचे सुवर्णपदक देण्यात आले. तोवर बहुतेक जण हे जग सोडून गेले होते.

आज काय पाहता येते?

सुरुवात मारिव्हेलेसच्या 'शून्य किलोमीटर' दगडापासून करता येते. दुसरा शून्य बागाकला आहे. तिथेच १९७५ मध्ये उभारलेला फिलिपिनो-जपानी मैत्री मनोराही आहे. प्रांताची राजधानी बालांगा येथील प्राथमिक शाळेच्या आवारात शरणागतीच्या वाटाघाटींचे पुतळे आणि युद्ध संग्रहालय आहे.

पिलार गावाजवळच्या सामात डोंगरावरील 'दम्बाना नांग कागितिंगान' हे मुख्य स्मारक. १९७० मध्ये पूर्ण झालेला इथला क्रूस ९० मीटरहून उंच असून त्याच्या आडव्या भुजांमधील दालनात लिफ्टने जाता येते. तिथून एका बाजूला मनिलाचा उपसागर, दुसऱ्या बाजूला खुला समुद्र आणि खाली ती चिंचोळी रणभूमी दिसते. ८० हजार माणसे कुठे अडकली होती, हे नकाशापेक्षा इथून चांगले कळते. वेळ असेल तर पुढे सान फर्नांदोचे जुने रेल्वे स्थानक आणि कापासचे राष्ट्रीय स्मारक पाहून ही वाट पूर्ण करता येते.

किनारे कसे आहेत?

बोराकायसारखी पांढरीशुभ्र वाळू इथे बहुतेक ठिकाणी नाही. मोरोंग आणि बागाकचे किनारे करडे-तपकिरी, लांबलचक आणि तुलनेने शांत आहेत. मारिव्हेलेसजवळ 'फाइव्ह फिंगर्स' या खडकाळ खाड्यांमध्ये होडीने फिरता येते. बागाकला 'लास कासास' या ठिकाणी देशभरातून आणलेली स्पॅनिश काळातील घरे समुद्राकाठी पुन्हा उभारली आहेत.

मोरोंगमध्ये कासव संवर्धन केंद्र आहे. एके काळी अंडी गोळा करून विकणारे गावकरीच आता ती राखतात. आपल्याकडे वेळास-आंजर्ल्यात जसे ऑलिव्ह रिडले कासवांचे काम चालते, तसेच इथेही अंडी सुरक्षित जागी हलवून पिल्ले समुद्रात सोडली जातात. याच मोरोंगमध्ये ६२१ मेगावॉटचा, पण एकदाही सुरू न झालेला अणुऊर्जा प्रकल्प १९८०च्या दशकापासून तसाच उभा आहे.

जायचे कसे, केव्हा?

भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाविना राहता येते. ही मुदत वाढवून मिळत नाही. सहा महिने वैध पारपत्र, परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि पुरेशा पैशांचा पुरावा सोबत हवा. निघण्यापूर्वी 'ई-ट्रॅव्हल' ही ऑनलाइन नोंदणीही करावी लागते. दिल्ली-मनिला थेट विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गेही जाता येते. मनिलाहून बालांगा आणि मारिव्हेलेससाठी बस मिळतात. कोरेहिदोरला जायचे असल्यास होडीच्या फेऱ्यांची चौकशी आधीच करावी.

जून ते ऑक्टोबर पाऊस, वादळे आणि खवळलेला समुद्र असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कासवांची पिल्लेही याच सुमारास दिसतात. ९ एप्रिलला सामात डोंगरावर सरकारी सोहळा होतो. तेव्हा ऊन कडक आणि गर्दी मोठी असते. मात्र त्या उन्हात महामार्गाकडेचे दोन दगडांमधले एक किलोमीटर चालून पाहिले, तरी कैद्यांच्या त्या शंभर किलोमीटरचा काहीसा अंदाज येतो.